आकड्यातले झाड आणि आळ्यातले झाड : नागरी वृक्षसंवर्धनाच्या भाषेची चिकित्सा

सारांश : शहरातील झाडांविषयीचा मराठी व्यवहार कायदा, शासकीय मोहिमा, वृत्तपत्रे आणि साहित्य अशा चार पातळ्यांवर चालतो. या चारही पातळ्यांवर झाडाची लागवड आणि झाडाची तोड या दोन घटनांना शब्द आहेत. मात्र या दोहोंच्या दरम्यान झाडाचे जे दीर्घ जगणे असते, त्याला पुरेसे शब्द नाहीत. प्रस्तुत लेखात १९७५ चा महाराष्ट्रातील नागरी वृक्षसंरक्षण कायदा आणि त्याच्या अनुषंगाने रूढ झालेली भाषा यांची चिकित्सा केली असून, बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेद आणि आज्ञापत्र या जुन्या संहितांच्या प्रकाशात तिच्या मर्यादा तपासल्या आहेत.

बीजशब्द : नागरी वृक्षसंवर्धन, वृक्षगणना, भरपाई लागवड, वृक्षायुर्वेद, आज्ञापत्र, आळे.

प्रस्तावना

कोणत्याही समाजाचे एखाद्या वस्तूशी असलेले नाते त्या वस्तूविषयी तो समाज कोणती क्रियापदे वापरतो यावरून ओळखता येते. शहरातील झाडाच्या बाबतीत मराठीत आज प्रामुख्याने तीन क्रियापदे वापरली जातात. झाड लावले जाते, झाड तोडले जाते आणि पावसाळ्यात झाड पडते. यांपैकी पहिल्या दोन क्रियापदांना कर्ता असतो. लावणाऱ्याचे छायाचित्र छापून येते, तोडणाऱ्यावर गुन्हा नोंदविता येतो. तिसऱ्या क्रियापदाला मात्र कर्ता नाही. ‘झाड कोसळून एकाचा मृत्यू’ हे वाक्य दर पावसाळ्यात मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर येथील वृत्तपत्रांत वाचावयास मिळते. या वाक्याच्या रचनेत झाड हेच कर्ता ठरते आणि पर्यायाने तेच आरोपीही ठरते. त्या झाडाच्या बुंध्यालगत चर कोणी खणला, त्याची आधारमुळे कोणत्या केबलसाठी तोडली गेली, त्याच्या भोवती काँक्रीट कोणी ओतले, फांद्या एकाच बाजूने कोणी छाटल्या, हे प्रश्न त्या वाक्यात मावत नाहीत. व्याकरणाची ही सोय पुढे प्रशासनाचीही सोय होते. म्हणूनच नागरी वृक्षांच्या प्रश्नाकडे वनस्पतिशास्त्राचा किंवा स्थापत्याचा विषय म्हणून पाहत असताना, त्याच्या भाषेचीही चिकित्सा करणे आवश्यक ठरते.

कायद्याची संहिता : तोड, परवानगी आणि भरपाई

‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ हा या विषयावरील मूलभूत कायदा होय. त्या काळाचा विचार करता तो निश्चितच पुरोगामी होता. खाजगी आवारातील झाडही मालकाला आपल्या इच्छेनुसार तोडता येणार नाही, हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, ठरावीक मुदतीने वृक्षगणना, तोडीपूर्वी जाहीर सूचना आणि हरकती मागविणे, तोडलेल्या झाडाच्या बदल्यात नवी लागवड अशी यंत्रणा त्याने उभी केली. झाड तोडणे या संज्ञेत जाळणे, कापणे आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचविणे यांचाही समावेश या कायद्याने केला आहे. ही व्याख्या विशेष महत्त्वाची आहे. कारण तिच्या शब्दार्थानुसार बुंध्याभोवती सिमेंट ओतणे किंवा खोदकामात मुळे छाटणे ही कृत्येही ‘तोड’ या संज्ञेत बसू शकतात.

परंतु व्याख्येत जे सामावले आहे ते व्यवहारात उतरलेले नाही. कायद्याची सारी कार्यपद्धती कुऱ्हाडीच्या क्षणाभोवती रचलेली आहे. अर्ज, सूचना, हरकत, परवानगी आणि भरपाई हा सर्व क्रम झाड तोडावयाचे ठरल्यानंतर सुरू होतो. हळूहळू मरणाऱ्या झाडासाठी अर्ज करावा लागत नाही, सूचना लावावी लागत नाही आणि हरकतही घेता येत नाही. नागरी चळवळींच्या बाबतीतही हेच दिसते. मुंबईतील आरे येथे ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री वृक्षतोड सुरू झाली आणि ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविण्याचा आदेश देईपर्यंत २,१४१ झाडे तोडली गेली होती. त्या घटनेने संपूर्ण शहर हलले आणि ते योग्यच होते. मात्र त्याच शहराच्या पदपथांवर पेव्हर ब्लॉकखाली गुदमरणाऱ्या झाडांसाठी अशी एकही रात्र उगवत नाही. कायद्याने तोडीला घटना मानले. ऱ्हासाला मानले नाही.

२०२१ मधील दुरुस्तीने या कायद्यात महत्त्वाची भर घातली. ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा मिळाला. तोडावयाच्या झाडाचे जितके वय, तितकी नवी रोपे लावावीत आणि सात वर्षे त्यांची निगा राखावी, असा दंडक आला. वयाला मूल्य देण्याचा हा विचार स्वागतार्ह आहे. किमान निगेच्या मुदतीचा उल्लेख तरी कायद्याच्या भाषेत आला. तथापि वर्षांचे रूपांतर रोपांच्या संख्येत करणे ही मूलतः एक भाषिक क्लृप्ती आहे. एक उदाहरण घेऊन हिशेब मांडता येईल. साठ वर्षांच्या एखाद्या वडाच्या किंवा शिरीषाच्या पर्णसंभाराचा व्यास २० मीटर मानल्यास त्याची सावली सुमारे ३१४ चौरस मीटर भूमी झाकते. त्याच्या बदल्यात लावलेल्या ६० रोपांचा प्रत्येकी एक मीटर व्यास धरला, तर त्यांची एकत्रित सावली सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे मूळ सावलीच्या साधारण १५ टक्के भरते. तीही सर्व रोपे जगली तर. शिवाय ही साठ रोपे त्याच रस्त्यावर लावण्यास जागा नसल्याने ती शहराच्या कडेला जातात. ज्या बसथांब्यावरील सावली गेली, तेथील प्रवाशाला या भरपाईचा कोणताही लाभ होत नाही. भरपाई झाडाची होते, जागेची होत नाही.

गणनेची भाषा

संख्येचे हे आकर्षण केवळ कायद्यापुरते मर्यादित नाही. राज्य शासनाने २०१६ ते २०१९ या काळात अनुक्रमे २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे जाहीर केली होती. या मोहिमेचा भर मुख्यतः वनक्षेत्रे आणि ग्रामीण भागावर असला, तरी तिची भाषा शहरांनीही सहज आत्मसात केली. उद्दिष्ट लागवडीचे असेल तर यशही लागवडीच्या दिवशीच सिद्ध होते. त्यानंतरच्या उन्हाळ्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही.

वृक्षगणनेबाबतही हीच अडचण आहे. मुंबईच्या २००८ च्या गणनेत सुमारे १९ लाख १७ हजार झाडे नोंदली गेली, तर त्यानंतरच्या, २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या गणनेत ही संख्या सुमारे २९ लाख ७५ हजार इतकी झाली. दरम्यानच्या दशकात मेट्रो, रस्तारुंदीकरण आणि पुनर्विकास यांनी शहर व्यापले असताना झाडे दहा लाखांनी वाढली, असे हे आकडे सुचवितात. नंतरची गणना उपग्रहाधारित स्थाननिश्चितीच्या तंत्राने झाली होती. त्यामुळे वाढ लागवडीची किती आणि अधिक काटेकोर मोजणीची किती, याचे उत्तर या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून मिळत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, एक गिरिपुष्प आणि एक वड ही या बेरजेत दोन झाडे असतात. वड कापून गिरिपुष्प लावल्यास बेरीज बदलत नाही. चार गिरिपुष्प लावल्यास ती वाढते.

झाडाच्या मोलाची अन्य रीतीने मांडणी करण्याचा प्रयत्न झालेला आहे. पश्चिम बंगालमधील ३५६ झाडांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने एका झाडाचे मूल्य त्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे ७४,५०० रुपये असे सुचविले होते. ही मांडणी २०२१ मध्ये बरीच चर्चिली गेली. तिचा गुण असा की, झाडाने दिलेला प्राणवायू आणि खत यांचा हिशेब तिने प्रकल्पाच्या खर्चात आणू पाहिला. तिची मर्यादा अशी की, अखेर तीही मेलेल्या किंवा मरू घातलेल्या झाडाची किंमत आहे. जिवंत झाडाच्या संगोपनाला अंदाजपत्रकात काय स्थान असावे, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो.

जुन्या संहितांची साक्ष

या पार्श्वभूमीवर दोन जुन्या संहितांकडे वळणे उद्बोधक ठरते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा एक छोटा अध्याय आहे. त्यात किती झाडे लावावीत याचा उल्लेख नाही. किती अंतरावर लावावीत याचा आहे. दोन झाडांमध्ये वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम आणि बारा किमान, असे तो सांगतो. हात म्हणजे सुमारे दीड फूट धरल्यास ही अंतरे ३०, २४ आणि १८ फूट होतात. जवळ लावलेली, एकमेकांना भिडलेली आणि मुळे गुंतलेली झाडे पीडित होऊन नीट फळत नाहीत, हे त्याचे कारणही दिलेले आहे. लागवडीआधी भूमी मृदू करावी, तीत तीळ पेरून फुलोऱ्यावर आल्यावर तेथेच मळावेत, असेही तेथे सांगितले आहे. पाणी कोणत्या ऋतूत केव्हा द्यावे, याचा क्रमही येतो. अर्थात या अध्यायातील सर्वच उपचार आजच्या शास्त्राच्या कसोटीवर उतरतील असे नाही आणि प्राचीन म्हणून ते प्रमाण मानण्याचेही कारण नाही. लक्षात घ्यावयाची ती त्याची दृष्टी. त्या दृष्टीत झाडाची सुरुवात रोपापासून होत नसून मातीपासून होते.

येथे एक आक्षेप संभवतो. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत एका चौरस मीटरमध्ये तीन ते पाच रोपे लावली जातात आणि त्या स्पर्धेतूनच दाट वन उभे राहते. तेव्हा अंतराचा जुना नियम कालबाह्य झाला असे म्हणता येईल काय? हा आक्षेप वरवर सबळ असला तरी त्यात दोन भिन्न हेतूंची गल्लत आहे. मियावाकी पद्धत हे वननिर्मितीचे तंत्र आहे. त्यात काही रोपे मागे पडणे गृहीतच असते. शिवाय तीही मातीची सखोल पूर्वतयारी आणि स्थानिक प्रजातींची निवड यांवर आधारलेली आहे. रस्त्याकडेच्या सावलीच्या झाडाला ती पर्याय ठरत नाही. मात्र एका छोट्या भूखंडावर हजारो रोपांची नोंद करता येते म्हणून भरपाईच्या आकड्यांसाठी तिचा आधार घेतला जाण्याचा धोका आहे. दोष तेव्हा पद्धतीचा नसून तिला आकड्यांत बसविणाऱ्या हिशेबाचा असेल.

दुसरी संहिता म्हणजे रामचंद्रपंत अमात्य यांचे, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ‘आज्ञापत्र’. आरमाराच्या प्रकरणात लाकडाची गरज सांगताना त्यात आंबा, फणस या झाडांस हात न लावण्याची ताकीद येते. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे दीर्घकाळ वाढविलेली असतात, ती तोडल्यास तिच्या दुःखास पारावार राहत नाही, असा तेथील युक्तिवाद आहे. एखादे जीर्ण झाड लागलेच, तर मालकाला राजी करून व मोल देऊन घ्यावे. बलात्कार करू नये, असे ते बजावते. पर्यावरणदिनाच्या भाषणांतून या उताऱ्याचा गौरव वारंवार होतो, परंतु त्यातील मर्म बहुधा सुटते. आज्ञापत्र झाडाचे मोल त्याच्या संख्येवरून किंवा लाकडावरून ठरवीत नाही. त्यासाठी खर्ची पडलेला काळ आणि माणसाचे श्रम यांवरून ते मोल ठरते. दीर्घ संगोपन हा झाडावरील हक्काचा आणि म्हणून त्याच्या संरक्षणाचा आधार बनतो.

याच ठिकाणी या साम्याची मर्यादाही स्पष्ट होते. आज्ञापत्रातील झाडाला लेकरासारखा वाढविणारा कोणी तरी आहे. शहरातील रस्त्याकडेच्या झाडाला असा कोणी नाही. उद्यान विभाग ते लावतो, रस्ते विभाग त्याच्या भोवती काँक्रीट करतो, जलवाहिनी आणि केबल टाकणाऱ्या यंत्रणा त्याच्या मुळांतून चर नेतात, वीज कंपनी त्याच्या फांद्या छाटते आणि दुकानदार त्याच्यात खिळे ठोकून फलक लावतो. सर्वांचा हात लागलेल्या या झाडाचे पालकत्व कोणाचेच नसते. त्यामुळे ते पडल्यावर दुःखाला जसा पारावार नसतो, तसा जबाबदारीलाही ठाव लागत नाही.

साहित्याची नजर

मराठी साहित्याने झाडाला उदंड दिले आहे. तुकारामांचा वृक्षांना सोयरे म्हणणारा अभंग आज प्रत्येक वृक्षारोपणाच्या निमंत्रणपत्रिकेवर छापला जातो. परंतु तो अभंग वनातील एकांताच्या सुखाचा आहे. शहरातील झाड एकांत देत नाही. ते गर्दीत उभे असते आणि त्याच्याशी सोयरिक करावयाची तर त्याची देखभालही करावी लागते. सोयरा या शब्दात देण्याघेण्याची जी बाजू आहे, तिच्याकडे निमंत्रणपत्रिकेचे लक्ष जात नाही.

दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने (१९५६) झाडाकडे पाहण्याची एक वेगळी शिस्त मराठीला दिली. महिन्यामागून महिना निसर्गाचे बदल टिपत जाणारी ही नजर पंचवार्षिक गणनेच्या नेमकी विरुद्ध टोकाला उभी आहे. गणना एका दिवशीचे झाड नोंदविते, ‘ऋतुचक्र’ वर्षभराचे झाड पाहते. ज्या शहराला आपली झाडे जगवायची आहेत, त्याला या दुसऱ्या नजरेची गरज अधिक आहे. कारण शेंडा वाळणे, पाने अवेळी पिवळी पडणे, बुंध्यावर भूछत्र उगवणे ही ऱ्हासाची लक्षणे वारंवार पाहणाऱ्यालाच दिसतात.

तथापि एक गोष्ट मान्य करावी लागेल. मराठी निसर्गलेखनाची नजर बहुतांशी वरच्या दिशेची आहे. तिला पालवी दिसते, मोहर दिसतो, पक्षी दिसतात. मूळ क्वचितच दिसते. मराठी वाचकाच्या स्मरणातले सर्वांत ठळक मूळ म्हणजे पंधराव्या अध्यायातील ऊर्ध्वमूल अश्वत्थाचे. ते मूळ वर आहे आणि तो वृक्ष वैराग्याच्या शस्त्राने छेदावयाचा आहे. रूपक म्हणून त्याचे वैभव वादातीत आहे. परंतु पदपथाखालच्या मुळाची कल्पना करण्यास ते साहाय्य करीत नाही. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या दोनेक फुटांतच असतात, ती पर्णसंभाराच्या घेराबाहेरही दूरवर पसरतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवेची गरज असते, ही साधी माहिती सुशिक्षित वाचकालाही बहुधा नसते. ‘झाडाची मुळे खोल गेलेली असतात’ हा समज भाषेत इतका रुजला आहे की, दोन फूट खोल चर खणल्याने झाडाचे काय बिघडणार, असे अभियंत्यालाही प्रामाणिकपणे वाटू शकते.

आळे : एक हरवलेला शब्द

मराठीत झाडाच्या जगण्यासाठी एक नेमका शब्द पूर्वीपासून आहे. तो म्हणजे आळे. बुंध्याभोवतीची मोकळी, भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारी ही गोलाकार जागा माळी आणि बागायतदार यांच्या नित्य परिचयाची आहे. आळे करणे ही एकदाच उरकावयाची घटना नसते. ते दर मोसमात भरावे लागते, खुरपावे लागते, झाड वाढेल तसे रुंदावावे लागते. कायद्याच्या आणि मोहिमांच्या भाषेतून हा शब्द जवळजवळ नाहीसा झाला असून त्याची जागा ‘खड्डा’ या शब्दाने घेतली आहे. खड्डा रोपासाठी असतो, आळे झाडासाठी असते. खड्डा लागवडीच्या दिवशी बुजविला जातो. आळे तेव्हापासून सुरू होते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या भोवतीचे एक मीटर त्रिज्येच्या आतील काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला, तेव्हा त्याने एका अर्थी आळ्यालाच न्यायालयीन मान्यता दिली. ही मान्यता मोलाची असली तरी किमान आहे, हे विसरता येत नाही. एक मीटर त्रिज्येचे वर्तुळ सुमारे ३.१४ चौरस मीटरचे होते. वर उल्लेखिलेल्या वडाच्या सावलीच्या ते शंभरावा भाग आहे. म्हणजे आदेशाचे तंतोतंत पालन होऊनही झाडाच्या छायेखालील ९९ टक्के भूमी सिमेंटखाली राहू शकते. किमान मर्यादा हीच कमाल तरतूद मानण्याची प्रशासकीय सवय लक्षात घेता, हे प्रमाण विचारात घेणे अगत्याचे आहे.

आळ्याला धोरणाचे एकक मानल्यास काही बदल आपोआप सुचतात. वृक्षगणनेत झाडाच्या उंची-घेराबरोबर त्याच्या भोवतालच्या उघड्या मातीचे क्षेत्र आणि मुळांची स्थिती नोंदविली जावी. रस्ते खोदण्याची परवानगी देताना बुंध्यापासूनचे अंतर ही अट असावी आणि खोदकामाच्या वेळी वृक्ष अधिकाऱ्याची उपस्थिती बंधनकारक असावी. लागवडीच्या खर्चाइतकीच तरतूद पुढील उन्हाळ्यांच्या पाण्यासाठी व निगेसाठी असावी. लोखंडी संरक्षक जाळी बसविण्याइतकेच ती वेळेवर काढणेही कामाचा भाग मानले जावे, अन्यथा तीच झाडाच्या खोडात रुतते. आणि झाड पडल्यानंतरच्या पंचनाम्यात ‘वादळी वारा’ एवढ्यावर न थांबता मुळे कधी व कोणत्या कामात तुटली होती, याची नोंद व्हावी. असे झाल्यास ‘झाड पडले’ या वाक्याला प्रथमच कर्ता लाभेल.

समारोप

ही चिकित्सा महाविद्यालयांनाही लागू होते. राष्ट्रीय सेवा योजनेचे वृक्षारोपण आणि मूल्यांकनासाठी करावयाचे हरित लेखापरीक्षण यांमुळे लागवडीची छायाचित्रे बहुतेक संस्थांच्या दप्तरी असतात. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप, हा यासंबंधीचा विनोद सर्वत्र प्रचलित आहे आणि तो निराधार नाही. वास्तविक महाविद्यालयाइतके अनुकूल नागरी आवार क्वचितच आढळते. तेथे मोकळी माती असते, वनस्पतिशास्त्राचा विभाग असतो आणि दरवर्षी येणारे विद्यार्थी असतात. आवारातील प्रत्येक झाडाचे वर्षभराचे निरीक्षण, आळ्याची निगा आणि तीन उन्हाळ्यांनंतर जगलेल्या रोपांची प्रामाणिक नोंद एवढे जरी एखाद्या संस्थेने केले, तरी तो अहवाल शेकडो रोपांच्या लागवडीपेक्षा अधिक मोलाचा ठरेल. त्यात मेलेल्या रोपांचीही नोंद असावी. कारण ती का मेली, हे कळल्याखेरीज पुढची जगविता येणार नाहीत.

सारांश, नागरी वृक्षांचा प्रश्न केवळ झाडे कमी असल्याचा नाही. झाडाचे जगणे हे दीर्घकालीन, दैनंदिन आणि कोणाच्या तरी जबाबदारीचे काम आहे, ही जाणीव आपल्या सार्वजनिक भाषेतून ओसरली आहे. कायदा बदलावा लागेल, अंदाजपत्रकही बदलावे लागेल. परंतु ‘किती लावली’ या प्रश्नाऐवजी ‘किती जगली आणि कोणी जगविली’ हा प्रश्न विचारण्यास कोणत्याही दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही.